लहान मुलांच्या चामखिळी: ओळखायच्या कशा, घरी काय करायचं आणि डॉक्टरांकडे कधी जायचं

चामखीळ दाखवायला आणलेलं मूल बहुतेक वेळा आधीच घाबरलेलं असतं. घरात कुणी चुना लावून पाहिलेला असतो, कुणी केस बांधून ओढलेला असतो, आणि वर "आता डॉक्टर जाळणार बघ" असं सांगून ठेवलेलं असतं. म्हणून आधीच ठामपणे सांगते: लहान मुलाची चामखीळ ही घाई करण्याची गोष्ट नाही. ती आपली आपण जाण्याची शक्यता मोठी असते. जी जात नाही, तिच्यासाठी फारसे न दुखणारे उपाय आहेत. चार माणसांनी हातपाय धरून मुलाची चामखीळ जाळायची वेळ क्वचितच येते, आणि तशी वेळ आलीच तर त्याआधी मुलाला भूल मिळायला हवी.

ती येते कुठून

चामखीळ हा विषाणूचा संसर्ग आहे. त्वचेतली उष्णता, रक्तातला दोष, पोटातले जंत, कॅल्शियमची कमतरता यांतलं काहीही तिला कारणीभूत नसतं. या विषाणूचं नाव ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. त्याचे २०० हून जास्त प्रकार माहीत आहेत आणि प्रत्येकाची राहण्याची जागा ठरलेली आहे. हातापायांवरच्या साध्या चामखिळी मुख्यतः १, २, ४, २७ आणि ५७ क्रमांकाच्या प्रकारांमुळे येतात, तर चेहऱ्यावरच्या चपट्या चामखिळी ३ आणि १० मुळे. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाशी ज्यांचा संबंध आहे ते १६ आणि १८ हे प्रकार वेगळे. मोबाइलवर "एचपीव्ही" शोधून रात्रभर न झोपलेल्या आया मी पाहिल्या आहेत. मुलाच्या बोटावरच्या चामखिळीचा त्या कर्करोगाशी काही संबंध नाही.

यालाच जोडून लसीचा प्रश्न हमखास येतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांविरुद्ध आहे. ती ९ वर्षांनंतर द्यायची असते आणि मुलींना जरूर द्यावी, पण ती हातापायांवरच्या चामखिळींसाठी बनवलेली नाही. त्या जाव्यात म्हणून ती टोचून घेऊ नका.

विषाणू शिरतो तो त्वचेवरच्या बारीक ओरखड्यातून, भेगेतून किंवा कुरतडलेल्या नखाच्या कडेतून. तो त्वचेच्या वरच्या थरातच राहतो, रक्तात उतरत नाही. पेशी वर सरकत जातात तसा त्यांच्यात वाढत जातो आणि मेलेल्या कातडीच्या कणांबरोबर बाहेर पडतो. आजूबाजूला सूज नाही, ताप नाही, त्यामुळे शरीराच्या प्रतिकारशक्तीला त्याचा पत्ता लागायला वेळ लागतो. चामखिळी महिनोन्‌महिने रेंगाळतात त्या याचमुळे. आणि एकदा पत्ता लागला की कधी कधी पंधरा-वीस दिवसांत सगळ्या एकदम जातात.

संसर्ग झाल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत साधारण दोन ते सहा महिने जातात, कधी त्याहून जास्त. त्यामुळे "कुणाकडून लागली" हे शोधत बसण्यात अर्थ नसतो. नेदरलँड्समधल्या प्राथमिक शाळांतली मुलं तपासली तेव्हा साधारण तिघांतल्या एकाला चामखीळ सापडली होती, आणि घरातल्या कुणाला किंवा वर्गातल्या मुलांना ती असली तर धोका वाढतो असंही दिसलं होतं. म्हणजे शेजारच्या बिट्टूला दोष देण्याआधी घरातल्या मोठ्यांनी आपले तळपाय बघावेत. तिथे एखादं जुनं "कुरूप" निघतं, आणि ते कुरूप नसतंच, चामखीळ असते.

"चामखिळीचं रक्त लागलं की दुसरी उगवते" असं आपल्याकडे म्हणतात. विषाणू रक्तात नसतो, पण खाजवून, ओरबाडून चामखीळ फुटली की तिचे कण शेजारच्या ओरखड्यात जातात आणि तिथे नवीन येते, एवढं त्यात खरं आहे. चेहऱ्यावर किंवा गुडघ्यावर चामखिळींची एका रेषेत रांग दिसली, तर तिथे मुलाने नखाने ओरखडलेलं असतं.

पायरी १: ती खरंच चामखीळ आहे का

मोठ्यांच्या मानेवर, काखेत लोंबणाऱ्या मऊ कातडीच्या बोंडालाही आपण चामखीळच म्हणतो. तो विषाणूचा आजार नाही आणि लहान मुलांत सहसा दिसतही नाही. मुलांमध्ये घोळ होतो तो इतर गोष्टींशी.

हाताच्या मागच्या बाजूला, बोटांवर, नखांच्या कडेला खरखरीत, राखाडी किंवा कातडीच्याच रंगाचा, वर फुलकोबीसारखा फुटलेला उंचवटा असेल तर ती साधी चामखीळ. कपाळावर, गालांवर, हातांवर गुळगुळीत, जेमतेम उठलेले, दोन-तीन मिलिमीटरचे बरेच ठिपके असतील तर चपट्या चामखिळी. ओठाच्या कडेला किंवा पापणीवर बारीक धाग्यासारखी वाढ दिसली तर तीही चामखीळच, फक्त आकार वेगळा.

तळपायाची चामखीळ ओळखणं सगळ्यात अवघड, कारण चालण्याच्या दाबाने ती आत दबते आणि वर जाड कातडी येते. दिवसाउजेडी मुलाला पालथं झोपवा, पाय धुऊन कोरडा करा आणि भिंग घेऊन बघा. तीन गोष्टी पाहायच्या. तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात. चामखिळीपाशी त्या थांबतात आणि तिला वळसा घालून जातात. कुरुपात त्या वरून तशाच गेलेल्या दिसतात. मधोमध सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतील. लोक त्यांना "बी" किंवा "मुळं" म्हणतात, पण त्या चामखिळीत वाढलेल्या बारीक रक्तवाहिन्या असतात, आतलं रक्त गोठून काळ्या पडलेल्या. शेवटी अंगठा आणि पहिल्या बोटात ती दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबा. चामखीळ बाजूंनी दाबल्यावर जास्त दुखते, कुरूप सरळ वरून दाबल्यावर. आणि एक साधा हिशेब: पाच-सहा वर्षांच्या मुलाला कुरूप होणंच दुर्मीळ. त्या वयात तळव्याला दुखरी गाठ असेल तर आधी चामखीळ समजा, नाहीतर काटा किंवा काच रुतलेली आहे का ते बघा.

बालवाडीच्या वयात चामखिळीपेक्षा जास्त गोंधळ होतो तो मोलस्कमचा. पोटावर, काखेत, मांडीच्या आतल्या बाजूला मोत्यासारखे चकचकीत, घट्ट दाणे येतात आणि नीट पाहिलं तर प्रत्येकाच्या मध्यावर छोटासा खळगा असतो. दाणा दाबला तर पांढरट गाठ बाहेर येते, पण तो दाबू नका. हाही विषाणूच, पण वेगळ्या कुळातला, देवीच्या विषाणूच्या नात्यातला, मात्र निरुपद्रवी. इसब असलेल्या मुलांना तो जास्त होतो. बहुतेकांचा सहा महिने ते दीड वर्षात आपोआप जातो. याला चामखिळीचं सॅलिसिलिक अॅसिड लावायचं नाही. काख आणि जांघेतली कातडी नाजूक असते, ती भाजते.

जन्मापासून असलेला, काळा-तपकिरी, केस असलेला डाग म्हणजे तीळ किंवा जन्मखूण. त्यावर चामखिळीचं कोणतंही औषध लावायचं नाही. शंका असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. घरच्या उपचाराआधी एकदा डॉक्टरांच्या नजरेखालून घालणं केव्हाही चांगलं.

पायरी २: आत्ता उपचार करायचे का

मुलांच्या चामखिळींपैकी साधारण निम्म्या वर्षभरात आणि दोन-तृतीयांश दोन वर्षांत कसल्याही औषधाविना जातात. मुलाला त्रास नसेल, एक-दोनच असतील, वाढत नसतील, तर काही न करता थांबणं हाही रीतसर वैद्यकीय निर्णय आहे. मूल जितकं लहान तितका मी याच बाजूने कौल देते. आजी-आजोबांना हा निर्णय पटवणं अवघड जातं, हे मान्य. त्यांना एवढंच सांगा की आपोआप गेलेल्या चामखिळीचा व्रण राहत नाही, जाळलेल्या चामखिळीचा राहू शकतो.

उपचार हवेत ते अशा वेळी: चालताना दुखतं, पेन्सिल धरताना टोचतं, मूल सारखं कुरतडून रक्त काढतं, संख्या भराभर वाढते आहे, नखाखाली शिरते आहे, किंवा शाळेत मुलं हात धरायला नकार देतात. हे शेवटचं कारण पुष्कळांना किरकोळ वाटतं. मला वाटत नाही. सहा वर्षांची मुलगी प्रार्थनेच्या वेळी हात पाठीमागे लपवत असेल तर उपचाराला तेवढं कारण पुरे.

पायरी ३: घरचा उपचार, नीट बारा आठवडे

पहिला उपचार सॅलिसिलिक अॅसिड. कातडीचे जाड थर ते हळूहळू सैल करून उतरवतं. औषधाच्या दुकानात १६.७ टक्के सॅलिसिलिक अॅसिड आणि १६.७ टक्के लॅक्टिक अॅसिड असलेलं, लावल्यावर वाळून पापुद्रा धरणारं पातळ औषध मिळतं. अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यातही याचा फायदा नुसतं थांबण्यापेक्षा थोडा पण खात्रीचा असल्याचं दिसलं. बऱ्याच घरांत औषध आठ दिवस लावलं जातं, मग विसरलं जातं, आणि "काही उपयोग झाला नाही" म्हणून मूल जाळायला नेलं जातं.

दोन वर्षांखालच्या मुलाला हे लावू नका. दोन ते सहा या वयात डॉक्टरांना विचारून, मोठ्या माणसाने स्वतः लावावं. चेहरा, ओठ, गुप्तांग, काख आणि जांघ यांवर अजिबात नाही. मधुमेह असलेल्या किंवा पायाला संवेदना कमी असलेल्या मुलालाही नाही. एकाच वेळी वीस-पंचवीस ठिकाणी फासायचं नाही, कारण ते कातडीतून शरीरात शोषलं जातं.

रात्रीची वेळ सगळ्यात सोयीची.

चामखिळीची जागा कोमट पाण्यात पाच ते दहा मिनिटं बुडवून ठेवा. पाय असेल तर घमेल्यात पाणी घेऊन गोष्ट सांगत बसा. मऊ झालेली पांढरी कातडी हलक्या हाताने घासून काढा. पुठ्ठ्याची नखं घासायची पट्टी यासाठी उत्तम, वापरून झाली की फेकता येते. टाचा घासायची वज्री वापरलीत तर ती फक्त या चामखिळीसाठी ठेवा, घरात दुसऱ्या कुणी वापरायची नाही. रक्त येईपर्यंत घासू नका. ब्लेड आणि नेलकटर लांब ठेवा. घासणं रोज नको, आठवड्यातून दोन वेळा पुरतं.

जागा टिपून कोरडी करा. चामखिळीच्या भोवतीच्या चांगल्या कातडीवर व्हॅसलिनचं कडं काढा. ते औषधाला बांध घालतं. पालक घाईत हेच गाळतात आणि मग आजूबाजूचं सोलपटतं. आता औषधाचा एक थेंब बाटलीतल्या काडीने किंवा दात कोरायच्या काडीने बरोबर मध्यावर ठेवा आणि वाळू द्या. हे औषध पटकन पेट घेतं, म्हणून देवासमोरच्या दिव्यापाशी किंवा गॅसजवळ बसून लावायचं नाही. पूर्ण वाळल्यावर त्यावर चिकटपट्टी लावा. तळपायाला पट्टी हवीच, औषध आत मुरतं. बोट तोंडात घालणाऱ्या मुलाच्या बोटाला मात्र हे औषध लावूच नका, पट्टी रात्रीत निघू शकते.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढा, आदल्या दिवसाचा पापुद्रा सुटत असेल तर काढा आणि रात्री पुन्हा थेंब. पहिले दोन आठवडे फरक दिसणार नाही. मग जागा पांढरी, खोलगट होत जाते आणि काळे ठिपके वर येतात. ते चांगलं लक्षण. जागा लाल होऊन झोंबू लागली, मूल हात लावू देईना, तर तीन-चार दिवस थांबा, नुसतं व्हॅसलिन लावा, मग पुन्हा सुरू करा. पू, सूज किंवा ताप आला तर औषध बंद आणि डॉक्टरकडे.

असं बारा आठवडे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज खूण करा आणि ती मुलाला करू द्या. पट्टीवर आवडतं चित्रही त्यालाच काढू द्या. उपचार आपल्या हातात आहे असं वाटलं की मूल स्वतः आठवण करून देतं.

नुसत्या चिकटपट्टीचा उपाय इंटरनेटवर फार गाजला आहे. २००२ साली एका छोट्या अभ्यासात जाड चिकटपट्टीने ८५ टक्के मुलांच्या चामखिळी गेल्याचं दिसलं होतं. नंतर २००६ मध्ये नेदरलँड्समधल्या शाळकरी मुलांवर तोच उपाय काटेकोरपणे तपासला तेव्हा पट्टीने १६ टक्के आणि तुलनेसाठी केलेल्या दिखाऊ उपायाने ६ टक्के गेल्या, आणि तो फरक योगायोगाचाही असू शकतो असं ठरलं. तरीही मूल अॅसिड लावू देत नसेल तर पट्टीला माझी हरकत नाही. दुखत नाही, स्वस्त आहे आणि चामखीळ झाकलेली राहून कुरतडणं थांबतं.

जे करू नये

चामखिळी आपोआप जात असल्यामुळे प्रत्येक घरात एकेक रामबाण उपाय तयार झाला आहे. शेवटचा जो केला, त्याला श्रेय मिळतं. निरुपद्रवी असते तर मी त्यांवर शब्दही खर्च केला नसता. पण हे उपाय मुलांना इजा करतात.

चुना आणि कपडे धुण्याचा सोडा एकत्र करून लावला की चामखिळीबरोबर खालची कातडीही जळते आणि खोल व्रण राहतो. त्याहून वाईट म्हणजे चुन्याची पुडी घरात मुलाच्या हाती लागते, दाबल्यावर फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. त्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. असं झालं तर त्याच क्षणी नळाखाली वीस ते तीस मिनिटं डोळा धुवा आणि सरळ नेत्रतज्ज्ञाकडे जा. रुईच्या चिकाचंही तेच: लावताना बोटाला लागलेला चीक मुलाने डोळ्याला चोळला की बुबुळाला इजा होते. बिब्बा तर मुलाच्या अंगाजवळ आणू नका. तो उतला की चेहऱ्यापर्यंत सूज आणि फोड येतात, आणि ज्या जागी लावला तिथे काळा डाग राहतो. ठेचलेला लसूण बांधून ठेवल्याने भाजलेली बोटंही कमी नाहीत. घोड्याच्या शेपटीचा केस किंवा दोरा बांधून चामखीळ पाडायला गेलं की रक्त येतं, जंतुसंसर्ग होतो आणि विषाणू खाली शिल्लक राहतो, म्हणून ती पुन्हा येते. उदबत्तीचा चटका देणं हा उपचार नाही, तो मुलाला दिलेला डाग आहे.

थुजाच्या गोळ्यांबद्दल रोज विचारणा होते. होमिओपॅथीच्या औषधांचे चामखिळींवर जे तुलनात्मक अभ्यास झाले, त्यांपैकी एक खास शाळकरी मुलांवर होता, त्यांत खरं औषध आणि दिखाऊ गोळी यांच्यात फरक आढळला नाही. गोळ्यांनी इजा होणार नाही, पण तीन महिने त्यांच्या भरवशावर राहून दुखणारी तळपायाची चामखीळ वाढू देऊ नका.

पायरी ४: दवाखान्यात काय काय होऊ शकतं

बारा आठवडे नीट करूनही फरक नसेल, किंवा चामखीळ चेहऱ्यावर, नखाखाली किंवा दुखरी असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

सगळ्यात परिचित उपाय म्हणजे द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं. त्याचं तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असतं. कापसाच्या काडीने किंवा फवाऱ्याने पाच-दहा सेकंद गोठवतात, दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा. लागतं, आणि नंतर काही तास ठणकतं. दुसऱ्या दिवशी फोड येतो, कधी रक्ताळलेला. तो फोडायचा नाही. आपल्या सावळ्या कातडीवर पांढरट डाग राहू शकतो, तो भरायला महिने लागतात. नखाच्या मुळाशी जास्त गोठवलं तर नख वेडंवाकडं येतं.

इतकं सोसून फायदा किती? नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात, चार वर्षांपासून पुढच्या २५० जणांवर, २०१० साली याचं उत्तर शोधलं गेलं. हातावरच्या वगैरे साध्या चामखिळी तेरा आठवड्यांत गोठवण्याने ४९ टक्के, सॅलिसिलिक अॅसिडने १५ टक्के आणि नुसतं थांबून ८ टक्के लोकांच्या गेल्या. तळपायाच्या चामखिळींत मात्र तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. माझा निष्कर्ष सरळ आहे: हातावरची हट्टी चामखीळ, आठ-नऊ वर्षांचं समजूतदार मूल आणि त्याची स्वतःची तयारी असेल तर गोठवावं. तीन वर्षांच्या मुलाचा तळपाय धरून गोठवायचं कारण मला दिसत नाही. दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारे गोठवायचे फवारे द्रव नायट्रोजनएवढे थंड नसतात, आणि चार वर्षांखालच्या मुलांसाठी ते नाहीतच.

वीज किंवा रेडिओलहरींनी जाळणं आपल्याकडे सर्रास होतं, कारण एका बैठकीत "काम संपतं". त्यासाठी तळव्यात किंवा बोटात भुलीचं इंजेक्शन द्यावं लागतं आणि तेच सगळ्यात जास्त दुखतं. व्रण राहतो. तळव्यावरचा व्रण जन्मभर चालताना टोचू शकतो. आणि त्यानंतरही चामखीळ परत येऊ शकते. ओठाच्या कडेला लोंबणारी धाग्यासारखी चामखीळ हा अपवाद, ती अशी पटकन काढता येते. बाकी मुलांसाठी हा शेवटचा पर्याय.

चामखिळी खूप असतील आणि कशालाच दाद देत नसतील तर प्रतिकारशक्तीला जागं करणारे उपचार आहेत. भारतात गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा थोडा अंश सगळ्यात मोठ्या चामखिळीत टोचण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात. टोचलेल्या एका चामखिळीबरोबर लांबच्याही जातात. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने काही वेळा टोचावं लागतं, त्यामुळे हा मोठ्या मुलांचा उपाय. चपट्या चामखिळींवर डॉक्टर ट्रेटिनॉइन किंवा इमिक्विमॉडचं मलम देऊ शकतात. चामखिळींसाठी झिंकही सुचवलं जातं, पण त्याच्या मोठ्या मात्रेने मळमळ, उलट्या होतात, ते मनाने सुरू करू नका.

कोणताही दुखणारा उपचार ठरला तर आधी बधिर करणाऱ्या मलमाबद्दल विचारा. ते तासभर आधी लावून वर प्लास्टिकची पट्टी लावायची असते. तळव्याच्या जाड कातडीत त्याचा परिणाम कमी होतो. किती आणि किती जागेवर लावायचं हे मुलाच्या वजनावर ठरतं. अंगभर फासून आणू नका, ते शोषलं जाऊन रक्तातल्या प्राणवायूचं वहन बिघडू शकतं.

मुलाला खोटं सांगू नका. "काही होणार नाही" म्हणून नेलं आणि दुखलं की पुढच्या वेळी ते दवाखान्याच्या पायरीवरूनच ओरडतं. "थोडं झोंबेल, मी हात धरून बसेन, दहापर्यंत मोजू" एवढं बोला. मूल "नको" म्हणत असेल आणि चामखीळ त्रास देत नसेल तर डॉक्टरांना सांगून परत या. चांगला डॉक्टर यात अपमान मानत नाही.

हे दिसलं तर थांबू नका

गुदद्वाराभोवती किंवा गुप्तांगावर चामखीळ दिसली तर घरी काहीही न लावता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लहान वयात ती जन्माच्या वेळी आईकडून किंवा अंघोळ घालणाऱ्याच्या हातावरच्या चामखिळीतूनही आलेली असू शकते, म्हणून लगेच कुणावर आरोप करायचा नसतो. पण लैंगिक अत्याचाराची शक्यताही डॉक्टरांनी तपासायची असते, आणि मूल मोठं असेल तर ती जास्त गांभीर्याने. मुलाला उलटसुलट प्रश्न विचारून घाबरवू नका. अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास सुरू असते.

आवाज महिनोन्‌महिने घोगरा आहे किंवा श्वास घेताना आवाज येतो, असं असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. एचपीव्हीचे ६ आणि ११ हे प्रकार क्वचित लहान मुलांच्या स्वरयंत्रात वाढतात.

चामखिळी खूप आहेत, भराभर पसरत आहेत, शिवाय मुलाला सारखे न्यूमोनिया, कानाचे संसर्ग किंवा तोंडात बुरशी होते, वजन वाढत नाही, तर प्रतिकारशक्तीची तपासणी व्हायला हवी. कर्करोगाची औषधं, स्टिरॉइड किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं सुरू असलेल्या मुलांचा उपचारही त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.

घरात आणि शाळेत

मूल शाळेत, पाळणाघरात, खेळायला जाऊ शकतं. चामखिळीसाठी घरी बसवायचं कारण नाही, आणि कुठली शाळा तसं सांगत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी न्या. पोहायला जाताना पाण्यात टिकणारी पट्टी लावा आणि तलावाच्या ओल्या कडेवर, सामायिक न्हाणीघरात स्लिपर घाला. टॉवेल, मोजे, पायपुसणं वेगळं. घामट पायांच्या मुलाचे मोजे रोज बदला, कारण भिजून मऊ झालेली कातडी विषाणूला सोपी जाते. औषध लावल्यावर साबणाने हात धुवा. अल्कोहोलच्या सॅनिटायझरला हा विषाणू फारसा जुमानत नाही.

नखं कुरतडणं थांबवणं हे या सगळ्यातलं सगळ्यात अवघड काम. नखांभोवती आलेल्या चामखिळी कुरतडण्यामुळेच ओठांवर जातात. ओरडून ती सवय सुटत नाही. नखं बारीक कापून ठेवा, टीव्ही बघताना हातात काहीतरी द्या आणि बोटांना पट्टी लावा. इसब असेल तर आधी इसबाचा उपचार, रोजचं मॉइश्चरायझर, कारण फाटलेल्या कातडीत नवीन चामखिळी येतच राहतात.

गेली हे कसं ओळखायचं

वरून सपाट झाली म्हणजे गेली असं नाही. पुन्हा भिंग घ्या आणि चांगल्या उजेडात बघा. काळे ठिपके पूर्ण गेलेले असले पाहिजेत आणि त्वचेच्या रेषा त्या जागेवरून सरळ, अखंड गेलेल्या दिसल्या पाहिजेत. रेषा अजून वळसा घेत असतील तर औषध सुरूच ठेवा. रेषा जुळल्या की औषध बंद करा आणि पुढचे दोन-तीन महिने अंघोळीनंतर आठवड्यातून एकदा ती जागा, शेजारची बोटं आणि दुसरा पाय बघत राहा. त्या काळात नवा खरखरीत ठिपका आला तर तो लहान असतानाच पुन्हा घासणं आणि थेंब सुरू करा. अशा छोट्या चामखिळीला पहिलीपेक्षा कमी दिवस लागतात.